पन्नास मिलीलिटरचा हिशेब

रावेतच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून चालत जा आणि पेट्रोल गाड्यांच्या पाठी वाचा. व्हीव्हीटी, आय-व्हीटेक, व्हीटीव्हीटी, टीएसआय. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण आत एक गोष्ट सारखी आहे. या इंजिनांचे व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे कारखान्यात कायमचं ठरलेलं नसतं, गाडी चालू असताना ते बदलत राहतं. पेट्रोल इंजिनात गेल्या चाळीस वर्षांत झालेल्या सुधारणांमध्ये ही फार मोलाची. आणि गाडी घेताना तिच्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. विचारले जातात ते दोनच प्रश्न. ॲव्हरेज किती देते? बी.एच.पी. किती?

इतर गावांत हे चालून जाईल. इथे चालू नये. आकुर्डी, भोसरी, चाकण, तळेगाव यांच्या मधोमध राहणारी माणसं आपण. शेजारच्या घरात कुणी क्रँकशाफ्ट घासतं, कुणी हेडचं कास्टिंग तपासतं, कुणी शिफ्टला इंजिन असेंब्लीवर उभं असतं. रावेतमध्येच इंजिनीअरिंग कॉलेज आहे. तरीही शोरूमच्या दारात गेल्यावर आपण हे सगळं ज्ञान बाहेर ठेवतो आणि दोन आकड्यांवर दहा-बारा लाखांचा निर्णय घेतो. आणि नेमकं व्हॉल्व्हचं हे काम त्या दोन्ही आकड्यांत नीट दिसतच नाही.

आधी ते काम समजून घेऊ.

सहा हजार आर.पी.एम.ला क्रँकशाफ्ट सेकंदाला शंभर फेऱ्या मारतो. पिस्टनला वरून खाली यायला, म्हणजे हवा आत ओढायला, पाच मिलिसेकंद मिळतात. पंधराशे आर.पी.एम.ला त्याच कामासाठी वीस मिलिसेकंद असतात. हवेला वजन असतं; एकदा धावत सुटलेली हवा जागच्या जागी थांबत नाही. इंजिन वेगात असताना पिस्टन तळ गाठून परत वर निघाला तरी ती आत घुसतच असते. म्हणून तिथे इनटेक व्हॉल्व्ह जरा उशिरा मिटवला की सिलिंडर जास्त भरतो आणि ताकद जास्त मिळते. हाच उशीर पंधराशेला केला तर हवेत तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत बाहेर ढकलतो. मग तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलत नाही, चालक शिव्या देत दुसरा टाकतो.

एक्झॉस्टचंही तसंच. जळालेला वायू बाहेर पडत असताना इनटेक थोडा आधीच उघडला, म्हणजे क्षणभर दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहिले, तर वेगात त्याचा फायदा होतो. बाहेर धावणारा वायू मागून ताजी हवा ओढून घेतो. आयडलला मात्र तोच जळका वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि इंजिन थरथरत राहतं.

जुन्या इंजिनात कॅमशाफ्टवरचे लोब एकदा घासून दिले की विषय संपला. शहराची सोय पाहायची की हायवेची, हा निवाडा ड्रॉइंग बोर्डवर व्हायचा आणि मालकाला तो गाडी विकेपर्यंत भोगावा लागायचा. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलण्याची कल्पना या सक्तीतून सुटका करण्यासाठी आली.

आपल्या पट्ट्याची या कल्पनेशी ओळख उशिरा झाली, आणि त्याला कारण आहे. आकुर्डीच्या टू-स्ट्रोक चेतकला व्हॉल्व्ह नव्हतेच. सिलिंडरच्या भिंतीत कापलेले पोर्ट पिस्टन स्वतःच उघडायचा आणि झाकायचा. टायमिंग धातूत कोरलेलं होतं. पिंपरीची टेल्को आणि आकुर्डीचा बजाज टेम्पो वाढले ते डिझेलवर. पारंपरिक डिझेल इंजिनाच्या वाटेत हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे कॅम पुढेमागे करून तिथे वाचणारं इंधन थोडंच. डिसेंबर १९९८मध्ये पिंपरीतून आलेली इंडिका लोकांनी डोक्यावर घेतली तीही मुख्यतः डिझेल म्हणून. इथले हात धातूकामात कुणाला ऐकणारे नव्हते. पण पेट्रोल इंजिनाच्या श्वासाचा हा प्रश्न त्यांच्या टेबलावर फारसा आला नाही.

तो सोडवला दुसऱ्यांनी. इटलीच्या अल्फा रोमिओने १९८०च्या सुमारास स्पायडर गाडीत इनटेक कॅम फिरवणारी यंत्रणा बसवली. १९८९मध्ये होंडाने इंटिग्रात व्हीटेक आणलं, आणि ते आणखी पुढचं पाऊल होतं. एकाच कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे लोब, कमी वेगाला छोटे आणि ठरावीक आर.पी.एम.नंतर ऑइलच्या दाबाने एक पिन सरकली की मोठा. १.६ लिटरच्या इंजिनातून टर्बोशिवाय ७,६०० आर.पी.एम.ला १६० पी.एस. लिटरमागे शंभर! शर्यतीच्या इंजिनांचा हा आकडा होता, आणि ही गाडी टोकियोच्या सिग्नलवर शांत उभीही राहत होती. माझ्या मते त्या काळातलं हे सर्वांत देखणं इंजिनकाम. यामाहाच्या आर-१५ मोटरसायकलमध्ये २०१८पासून आपल्याकडची मुलं दोन लोबांची अशीच करामत वापरतात, ७,४०० आर.पी.एम.ला लोब बदलतो. चिंचवड-निगडीच्या रस्त्यावर त्याचा आवाज रात्री सगळ्यांनाच ऐकू येतो.

पण घरगुती गाडीत गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच ग्राहकाची दिशाभूल होते.

आपल्या गाड्यांत सर्रास दिसतं ते लोब बदलणं नसतं. तिथे फक्त कॅमशाफ्ट काही अंश आधी किंवा नंतर फिरवला जातो. मारुतीने २०११च्या नव्या स्विफ्टमध्ये १.२ लिटर इंजिनाला व्हीव्हीटी दिलं तेव्हा ताकद ८५ पी.एस.वरून किती झाली? ८७. फक्त दोन. ज्याने ब्रोशरमधला तेवढा आकडा पाहिला त्याने हे तंत्र निरुपयोगी ठरवलं असणार. कारण बी.एच.पी.चा छापील आकडा म्हणजे शिखर. ते शिखर साधारण सहा हजारांना येतं, आणि रावेतहून तळवडेमार्गे चाकणला कामावर जाणारी गाडी सहा हजार आर.पी.एम. महिनोन्महिने पाहत नाही. ती बाराशे ते पंचवीसशेच्या आत जगते. व्हीव्हीटीची खरी कमाई तिथे आहे. टॉर्कचा डोंगर उंच होत नाही, पसरट होतो. पंधराशेलाही ओढ राहते, पाच हजारालाही दम राहतो, आणि हाफ क्लचवर रडतखडत चढ चढायची वेळ येत नाही.

म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न असा विचारायला हवा: दीड हजार आणि दोन हजार आर.पी.एम.ला टॉर्क किती मिळतो? टॉर्कचा आलेख दाखवा. समोरचा गोंधळला तर त्यात तुमची चूक नाही. गाडी विकणाऱ्याला गाडीचा आलेख ठाऊक असायलाच हवा. ट्रायलही रिकाम्या सर्व्हिस रोडवर घेऊ नका. मुकाई चौकातून संध्याकाळी सात वाजता घ्या, चार माणसं बसवून, ए.सी. लावून.

आता पेट्रोल. हा भाग मला सर्वांत जवळचा, कारण यातली हुशारी डोळ्यांना दिसत नाही.

सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगाने छोटी गाडी चालवायला जेमतेम पाच-सहा हॉर्सपॉवर लागतात. इंजिन मात्र ऐंशी-पंच्याऐंशीचं असतं. मग उरलेली ताकद दाबून ठेवायची कशी? पेट्रोल इंजिनात उत्तर एकच होतं: थ्रॉटल जवळजवळ बंद करायचा, हवाच अडवायची. पिस्टन खाली ओढला जातो, वरून हवा येत नाही, आत पोकळी तयार होते आणि त्या पोकळीविरुद्ध पिस्टनला झुंजावं लागतं. तुमच्या पेट्रोलचा एक हिस्सा गाडी पुढे नेण्यात जात नाही, या झुंजीत जातो. आणि गाडी जितकी हळू चालते तितका हा हिस्सा मोठा.

कॅम फिरवता आला की ही झुंज सौम्य करता येते. मध्यम भाराला दोन्ही व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकत्र उघडे ठेवले की थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच राहतो आणि जागा अडवतो. मग तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल जास्त उघडता येतो, पिस्टन मोकळा चालतो. शिवाय ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइडचा धूरही कमी होतो. किंवा इनटेक मुद्दाम उशिरा मिटवायचा. मिश्रण थोडंच दाबलं जातं, पण जळल्यावर पसरायला पूर्ण लांबी मिळते, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. १८८०च्या दशकात जेम्स ॲटकिन्सनने हा फायदा ओळखला होता. आजच्या हायब्रिड गाड्या तो याच फिरत्या कॅममुळे उचलतात.

चाकणहून निघणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ टीएसआय गाड्यांत तर यापुढची पायरी आहे. भार हलका झाला की चारपैकी मधले दोन सिलिंडर झोपतात. कॅमवरची बाही सरकते, त्या दोघांचे व्हॉल्व्ह मिटलेलेच राहतात, आणि उरलेले दोन सिलिंडर दुप्पट भाराने, म्हणजे उघड्या थ्रॉटलवर काम करतात. पाय दाबला की चारही जागे होतात, बहुतेकांना कळतही नाही. ही गाडी आपल्या उंबऱ्याशी बनते. तिच्यातली एवढी सुंदर गोष्ट इथल्या किती मालकांना कुणी दाखवली आहे?

कॅमच्या अशा साध्या फिरवाफिरवीतून किती पेट्रोल वाचतं? इंजिनानुसार दोन-तीन टक्क्यांपासून पाचेक टक्क्यांपर्यंत. आपण चार धरू. ऐकायला कमी वाटतं. पण ज्याने एक टक्का वाचवण्यासाठी टेस्ट बेडवर रात्री काढल्या आहेत त्याला विचारा, चार टक्के म्हणजे काय ते.

आता हे चार टक्के घेऊन कामावर निघा. रावेतहून चाकण एमआयडीसीपर्यंत वीस किलोमीटर धरा. लिटरला सोळाने सव्वा लिटर पेट्रोल. त्याचे चार टक्के म्हणजे पन्नास मिलीलिटर. व्हॉल्व्हची सगळी विद्या एका खेपेला तुम्हाला पन्नास मिलीलिटर मिळवून देते. आणि ए.सी. चालू ठेवून उभी असलेली पेट्रोल गाडी तासाला किमान सहाशे मिलीलिटर जाळते, म्हणजे मिनिटाला दहा.

पाच मिनिटं. चाकणच्या तळेगाव चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कमाई संपली. सहाव्या मिनिटापासून तुम्ही तोट्यात. आणि तिथे पाच मिनिटांत सुटका झाली तर माणूस घरी आल्यावर आवर्जून सांगतो. भूमकर चौकातून हिंजवडीला जाणाऱ्यांची कथाही हीच. आयडलला कॅम फिरवून वाचवण्यासारखं जवळजवळ काही उरत नाही. इंजिन थरथरू नये एवढंच तो बघू शकतो.

छापील ॲव्हरेजचा आकडा खोटा नसतो, हेही सांगायला हवं. तो चाचणीतून येतो. गाड्या तपासणारी वेताळ टेकडीवरची संस्था एआरएआय १९६६पासून या कामात आहे, तिचं केंद्र चाकणलाही आहे. तिथले लोक आपलं काम चोख करतात. पण ती चाचणी रोलरवर होते, ए.सी. बंद ठेवून, वीस मिनिटांहून कमी वेळात, सुमारे साडेदहा किलोमीटरची. त्यात एकूण उभं राहणं पाच मिनिटांच्याही आत. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा योग्य. तुमच्या रस्त्याचं वचन मात्र त्यात नाही.

ज्यांच्या हाती रस्ते आहेत त्यांना माझा सवाल सरळ आहे. या पट्ट्यातले इंजिनीअर एकेका टक्क्यासाठी कॅमचे अंश मोजतात, आणि ते टक्के तुम्ही एका चौकात उधळू देता. नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरच्या आठ पदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. चांगली गोष्ट. पण उड्डाणमार्ग उभा राहीपर्यंत खालचे चौक वाऱ्यावर सोडायचे का? अवजड ट्रकच्या वेळा पाळणं, चौकातली अतिक्रमणं हटवणं, डावं वळण मोकळं ठेवणं, बंद पडलेला कंटेनर अर्ध्या तासात ओढून नेणं, याला सात हजार कोटी लागत नाहीत.

तोवर मालकाच्या हातात काय आहे? एक तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय गाडीत असेल तर ती बटण दाबून मोडीत काढू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ती म्हणजे ऑइल.

कॅमशाफ्ट फिरतो कशाने? ऑइलच्या दाबाने. टायमिंग चेनच्या चक्रात आत पाकळ्यांचा एक रोटर बसवलेला असतो. पाकळीच्या एका बाजूला ऑइल सोडलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला सोडलं की मागे. ऑइल कुठे सोडायचं हे एक सोलेनॉइड ठरवतो, आणि त्याच्या वाटा अगदी बारीक असतात. कडेला जाळी असते. म्हणजे तुमच्या इंजिनाची ही सगळी चतुराई स्वच्छ, नेमक्या पातळपणाच्या ऑइलवर उभी आहे. ऑइल काळं पडून घट्ट झालं, त्यात गाळ साचला, की रोटर हळू हलतो, मग अडकतो. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड येते, आयडल वरखाली होतं, पिकअप जातो, ॲव्हरेज पडतं. चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी००११सारखा कोड येतो. तोवर प्लग बदललेले असतात, कॉइल बदललेले असतात, हजारो रुपये गेलेले असतात.

ऑइल कधी बदलायचं? कंपनी सांगते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. पण किलोमीटर मोजणारा काटा चौकात थांबतो, इंजिन थांबत नाही. ताशी साठच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर म्हणजे १६७ तास. ताशी पंधराच्या सरासरीने तेच दहा हजार म्हणजे ६६७ तास. चौपट! रावेत-चाकण करणारी गाडी काट्यावर तरुण असते आणि ऑइल म्हातारं झालेलं असतं. म्हणूनच बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत धूळ, छोट्या खेपा आणि सतत थांबत चालणं यासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता छापलेला असतो. आपला रोजचा रस्ता त्या तक्त्यात बसतो. पाच-सहा हजारांना ऑइल बदलणं या पट्ट्यात चैन नाही, गरज आहे.

ग्रेडचंही तेच. अनेक नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ लागतं. रस्त्याकडेच्या गॅरेजात मात्र ड्रममधलं वीस-चाळीस अजून सगळ्यांना सारखंच ओतलं जातं, वर समजावलं जातं की दादा, घट्ट ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण. जुन्या डिझेलला ते चाललं असेल. इथे तेच घट्ट ऑइल बारीक वाटांतून उशिरा पोहोचतं, रोटर आज्ञा उशिरा पाळतो, आणि ज्या पन्नास मिलीलिटरसाठी एवढं सगळं केलं तेही हातचे जातात. यात फिटरची लबाडी असतेच असं नाही. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. इंजिनं इथे बनवणाऱ्या कंपन्यांनी आणि इथल्या आयटीआय-कॉलेजांनी परिसरातल्या गॅरेजवाल्यांसाठी वर्षातून चार रविवार काढले तर हे अज्ञान दोन वर्षांत संपेल.

आज संध्याकाळी गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढा, ऑइलच्या पानावरचा ग्रेड मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि त्यावरचा आकडा जुळवून बघा. आकडा वेगळा असेल तर ओतू देऊ नका.